ऋण काढून सण

संघ सातत्याने हरू लागला की त्याच्या हितचिंतकांना एकच औषध सुचते: गोल करणारा आणा. गुणतालिकेत संघ तळाशी आहे, प्रेक्षक कावले आहेत, वर्तमानपत्रे रोज नवी चिरफाड छापत आहेत. अशा वेळी दुसऱ्या संघातला तीस-चाळीस गोलांचा धनी डोळ्यांपुढे उभा राहतो आणि वाटू लागते, हा एक आला की सारे मार्गी लागेल. त्याच्यासाठी जे मोजावे लागणार ते उद्याचे असते, आणि हरणाऱ्याला उद्याची चिंता करायला सवड नसते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. धडपडणाऱ्या संघाने आपले भविष्य गहाण टाकून नामांकित गोलकर्ता आणू नये. किंबहुना असा व्यवहार बहुतेक वेळा खेळाचा निर्णयच नसतो. व्यवस्थापनाने स्वतःच्या अपयशावर घातलेले ते पांघरूण असते. त्याची किंमत शेवटी व्यवस्थापक मोजत नाही. ती मोजतात प्रेक्षक, आणि खुद्द तो खेळाडू.

आधी थोडा खुलासा. येथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि संघ म्हणजे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमधील संघ. खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ‘ट्रेड’, हा शब्द आयपीएलमुळे आपल्याकडेही रुळला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो याच वाटेने, आणि पुढच्या हंगामात मुंबई दहा संघांत दहावी आली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. शिवाय हॉकीतला ट्रेड याहून गुंतागुंतीचा असतो. तेथे नुसते पैसे टाकून खेळाडू उचलता येत नाही. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे श्रीमंत संघालाही थैली मोकळी सोडता येत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यावा लागतो, अथवा नवोदितांच्या वार्षिक निवडीतला, म्हणजे ‘ड्राफ्ट’मधला, आपला हक्क द्यावा लागतो. या निवडीचा क्रम सर्वसाधारणपणे गुणतालिकेच्या उलटा लागतो: जो संघ शेवटून वर, तो निवडीत पुढे. दुर्बळाला सावरण्यासाठी लीगने केलेली ही तरतूद आहे. शेतकऱ्याच्या घरात पेरणीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्याला जे स्थान, तेच हरणाऱ्या संघाच्या दृष्टीने या हक्काला. ते दळून एक दिवस पोटभर जेवता येते, यात शंका नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कॅनडातील टोरंटो मेपल लीफ्स हा हॉकीतला अत्यंत श्रीमंत आणि तितकाच दुर्दैवी संघ. १९६७ नंतर २०२५ पर्यंत त्याने एकदाही स्टॅनले चषक जिंकलेला नाही. २००९ च्या उन्हाळ्यात त्याची अवस्था अशी होती की २००४ नंतर साखळी सामन्यांपुढे, म्हणजे बाद फेरीत, त्याने पाऊलही ठेवलेले नव्हते. आदल्या नोव्हेंबरात ब्रायन बर्क हे जनरल मॅनेजर म्हणून आले होते. मोठे नाव, करारी माणूस, दोन वर्षांपूर्वीच अॅनाहाइमला चषक मिळवून दिलेला. पाच-सहा वर्षांच्या संथ पुनर्बांधणीची त्यांना आवड नव्हती, आणि हे त्यांनी लपवूनही ठेवले नव्हते. १८ सप्टेंबर २००९ रोजी त्यांनी बॉस्टन ब्रुइन्सकडून फिल केसल हा जेमतेम एकवीस वर्षांचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा आक्रमक, घेतला. आदल्या हंगामात त्याने ३६ गोल केले होते. त्याला पाच वर्षांसाठी २ कोटी ७० लाख डॉलरचा करार देण्यात आला. बॉस्टनला काय मिळाले? टोरंटोचे २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क, आणि वर २०१० चा दुसऱ्या फेरीतील हक्क.

या व्यवहाराची पहिली खोट निदानातच होती. २००८-०९ च्या हंगामात टोरंटोने केलेले गोल होते २५०. ही संख्या मुळीच लाजिरवाणी नव्हती. लीगमधील बऱ्याच संघांहून ती सरस होती. मात्र त्याच हंगामात या संघाने स्वीकारलेले गोल होते २९३, म्हणजे लीगमधील सर्वाधिक. हे आकडे कोणत्याही गुपित अहवालात दडलेले नव्हते. रोजच्या वर्तमानपत्रात छापले जात होते. ज्या घराचे छप्पर गळते आहे त्या घरमालकाने दिवाणखान्यासाठी झुंबर विकत आणावे, तसा हा प्रकार झाला. झुंबर सुंदर होते, याबद्दल वाद नाही. परंतु पाणी गळत होते ते गळतच राहिले. २००९-१० मध्ये पहिल्या आठ सामन्यांत टोरंटोला एकही विजय मिळाला नाही. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे केसल तेव्हा खेळत नव्हता, हे मान्य. पण ३ नोव्हेंबरला तो आला, ७० सामने खेळला, ३० गोल करून त्याने आपले काम चोख बजावले. आणि तरीही हंगामाअखेर संघाचे एकूण गोल २५० वरून २१४ वर उतरले, स्वीकारलेले गोल २६७ राहिले आणि टोरंटो तीस संघांत एकोणतिसावा आला. गोल करणारा आणल्यावर संघाचे गोल कमी झाले!

दुसरी खोट अधिक खोल आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. निवडीच्या हक्काची किंमत ठरलेली नसते. ती देणाऱ्याच्या अपयशाबरोबर वाढत जाते. ‘पहिल्या फेरीतील हक्क’ हे शब्द कागदावर सारखेच दिसतात, पण बलाढ्य संघाच्या बाबतीत त्यांचा अर्थ तिसावी निवड असा होतो आणि दुबळ्या संघाच्या बाबतीत दुसरी किंवा तिसरी असा. म्हणजे दुबळा संघ जेव्हा असा हक्क देतो, तेव्हा तो एका कोऱ्या हुंडीवर सही करतो, आणि त्या हुंडीवरचा आकडा पुढे त्याच्याच पराभवांनी भरला जातो. प्रत्येक पराभवाबरोबर कर्ज वाढते. टोरंटो एकोणतिसावा आल्यामुळे बॉस्टनला २०१० मध्ये दुसरी निवड मिळाली आणि त्यांनी टायलर सेगिनला घेतले. पुढच्या वर्षीचा हक्क नववा ठरला. त्यातून डगी हॅमिल्टन हा बचावपटू आला. २०११ च्या जूनमध्ये बॉस्टनने स्टॅनले चषक जिंकला तेव्हा एकोणीस वर्षांचा सेगिन त्या संघात होता. टोरंटो बॉस्टनमध्ये खेळायला गेला की तिथले प्रेक्षक ‘थँक यू, केसल’ असा घोष करीत. त्या टोमण्याचा खरा रोख केसलवर नव्हता. तो टोरंटोच्या व्यवस्थापनावर होता, पण ऐकावा लागला केसलला.

तिसरी खोट ही गोलाच्या स्वरूपाविषयीच्या गैरसमजातून येते. गोल हा करणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो, म्हणून तो त्याची खासगी मालमत्ता आहे असे आपण समजतो. आणि मालमत्ता आहे म्हटल्यावर ती एका गावाहून दुसऱ्या गावाला हलवता येईल असेही समजतो. वस्तुतः गोल ही पुष्कळ अंशी सांघिक निर्मिती असते. पक बचावातून बाहेर यावी लागते, मध्यावरून पुढे जावी लागते, योग्य क्षणी योग्य काठीवर यावी लागते; मग शेवटच्या अर्ध्या क्षणाचे काम गोलकर्ता करतो. ते काम दुर्मिळ आणि अवघड असते, यात वाद नाही. पण ते शेवटचे काम असते, पहिले नव्हे.

याचा बोलका पुरावा सॅन होजे शार्क्स या संघाच्या इतिहासात आहे. २००५ च्या नोव्हेंबरअखेर हा संघ ओळीने हरत असताना त्याने बॉस्टनकडून जो थॉर्नटन हा सेंटर, म्हणजे मध्यावरचा खेळ रचणारा खेळाडू, आणला. त्याच्या शेजारी जोनाथन चीचू हा विंगर खेळू लागला. त्याआधी चीचूचे एका हंगामातील सर्वाधिक गोल होते २८. त्या एका हंगामात त्याने ५६ गोल केले, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. पुढे हा चीचू २००९ मध्ये ऑटावाला गेला. तेथे थॉर्नटन नव्हता. ६१ सामन्यांत त्याचे गोल झाले ५. ऑटावाने खरोखर विकत काय घेतले होते? छप्पन्न गोलांची जुनी कीर्ती. ते गोल सॅन होजेतच राहिले होते.

केसल चीचूपेक्षा कितीतरी श्रेष्ठ खेळाडू होता; तो कुठेही गोल करीत असे, आणि टोरंटोतही त्याने केले. सहा हंगामांत ४४६ सामने, १८१ गोल. बॉस्टनमध्ये मार्क सॅव्हार्डसारखा कसलेला सेंटर त्याला पक पुरवीत असे. टोरंटोत तशा तोडीचा एकही नव्हता, तरीही त्याचे गोल थांबले नाहीत. म्हणजे कोणी म्हणेल, की व्यवहार यशस्वीच झाला. माल खरा निघाला, वजन बरोबर भरले. पण नेमके याच कारणामुळे हे उदाहरण माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. खेळाडू फसला असता तर ‘निवड चुकली’ असे म्हणून विषय संपला असता. येथे निवड अचूक ठरली, खेळाडूने आपल्याकडून अपेक्षित होते ते सर्व केले, आणि तरीही सहा हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला तो केवळ एकदा, २०१३ मध्ये.

त्या एका खेपेची कथाही बोधप्रद आहे. प्रतिस्पर्धी होता बॉस्टन. १३ मे २०१३ रोजी सातव्या व निर्णायक सामन्यात, तिसऱ्या सत्रात टोरंटो ४-१ असा पुढे होता. त्या चारांत केसलचाही एक गोल होता. शेवटच्या दीड मिनिटात बॉस्टनने दोन गोल करून बरोबरी साधली. बरोबरीचा गोल पॅट्रिस बर्जरॉनने ५१ सेकंद उरले असताना केला आणि जादा वेळेत विजयाचा गोलही त्यानेच केला. चार वर्षांपूर्वी जे दुखणे होते तेच अखेरच्या मिनिटाला उपटले: संघाला गोल करता येत होते, राखता येत नव्हते.

आता त्या खेळाडूकडे वळू, कारण या चर्चांत त्याचा विचार कोणी करीत नाही. केसल बोलघेवडा नव्हता, कॅमेऱ्यापुढे अवघडत असे, शरीरयष्टीने आदर्श वाटावा असा नव्हता. विजयी संघात हेच दोष गमतीदार स्वभाव म्हणून खपतात. हरणाऱ्या संघात ते आरोपपत्र होते. तो आळशी आहे, सरावाचा कंटाळा करतो, पुढारीपण त्याच्या अंगी नाही, असे टोरंटोत वर्षानुवर्षे लिहिले गेले. २०१५ मध्ये तो गेला त्या दिवशी एका स्तंभलेखकाने त्याच्या हॉट डॉग खाण्याची हकीकत छापून त्याला निरोप दिला. या ‘आळशी’ माणसाने विशीच्या आत कर्करोगाला तोंड दिले होते, आणि ३ नोव्हेंबर २००९ या टोरंटोतील पहिल्या सामन्यापासून साखळीतील एकही सामना न चुकवता तो सलग १,०६४ सामने खेळला, जो लीगचा विक्रम ठरला. त्याच्यावरच्या रागाचे खरे कारण त्याचा खेळ नव्हते. त्याच्या बदल्यात जे गेले होते ते होते. प्रेक्षक त्याच्याकडे पाहत तेव्हा त्यांना सेगिन दिसे, हॅमिल्टन दिसे. खेळाडूला तारणहार म्हणून आणायचे आणि तारण न झाल्यावर त्यालाच बळी द्यायचे, ही या व्यवहाराची ठरलेली परिणती आहे. ती टाळण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. ती त्याने आधीच झटकलेली असते.

या मतावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांतील तीन सबळ आहेत, त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप: नवोदितांची निवड ही सोडत आहे, हातातला सिद्ध खेळाडू हा झाडावरच्या कच्च्या फळापेक्षा केव्हाही बरा. यात तथ्य आहे, आणि पुरावाही आहे. याच व्यवहारातला तिसरा हक्क वापरून बॉस्टनने घेतलेला जॅरेड नाइट लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. सेगिनलाही बॉस्टनने २०१३ मध्येच डॅलसला देऊन टाकले, आणि तो तिथे बहरला. एडमंटनला २०१० पासून सलग तीन वर्षे पहिली निवड मिळाली, तरी त्यांची बाद फेरीची प्रतीक्षा २०१७ पर्यंत संपली नाही. तेव्हा बियाणे पेरले की पीक येतेच, असा माझा दावा नाही. पाऊस हुकतो, कीड लागते, शेतकरीही नादान निघतो. पण पेरणीत जोखीम आहे, म्हणून बियाणे खाऊन टाकावे, हे कोणते शेतीशास्त्र? शिवाय सोडत म्हटली तर टोरंटोने एक तिकीट नव्हे, तीन तिकिटे दिली, आणि त्यांतील पहिले किती मोलाचे ठरेल हे स्वतःच्या संघाचा बचाव पाहून ताडता येण्याजोगे होते.

दुसरा आक्षेप एका नावाचा आहे: वेन ग्रेट्झ्की. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एकवीस संघांत अठराव्या आलेल्या लॉस एंजेलिस किंग्जने एडमंटनकडून ग्रेट्झ्की आणला, आणि पुढच्याच हंगामात तो संघ चौथा आला. बाद फेरीत त्याने खुद्द एडमंटनला हरवले. धडपडणाऱ्या संघाने तारा आणल्याचे याहून देदीप्यमान उदाहरण कोणते? प्रतिवाद असा की, एक तर ग्रेट्झ्की हा ‘गोल करणारा’ नव्हता. तो गोलही करीत असे, पण त्याहून कितीतरी अधिक गोल तो इतरांकडून करवीत असे. खेळाचा उगमच त्याच्यापाशी होता, म्हणून तो गेला तिथे खेळ त्याच्याबरोबर गेला. असा खेळाडू पिढीत एखादाच होतो, आणि अपवादावर धोरण आखता येत नाही. दुसरे, हिशेब शेवटपर्यंत मांडला तर काय दिसते? किंग्जनी जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, तीन वर्षांचे पहिल्या फेरीतील हक्क आणि दीड कोटी डॉलर दिले (नुसत्या रोकडीला तेव्हा मज्जाव नव्हता). एडमंटनने कार्सनला पुढे डेट्रॉइटला देऊन जो मर्फी, अॅडम ग्रेव्ह्ज आणि पेट्र क्लिमा हे खेळाडू मिळवले, आणि १९९० मध्ये ग्रेट्झ्कीविना पुन्हा चषक जिंकला. ग्रेट्झ्की असताना किंग्ज एकदाच अंतिम फेरीत गेले, १९९३ मध्ये, आणि मॉन्ट्रियलकडून हरले. कॅलिफोर्नियात हॉकी रुजवण्याचे श्रेय त्या व्यवहाराला निःसंशय आहे. तो धंद्याचा महान निर्णय होता. चषकाचा निर्णय म्हणून तो फळला नाही.

तिसरा आक्षेप भावनिक आहे, आणि म्हणून सर्वांत अवघड. प्रेक्षकांनी किती वर्षे वाट पाहायची? ते तिकिटाचे पैसे आज मोजतात. त्यांना आज काहीतरी पाहायला मिळू नये काय? एका चपळ खेळाडूचे तीस गोल पाहण्याचा आनंद हा आनंदच आहे, हे मी नाकारणार नाही. पण टोरंटोच्या बाबतीत हा युक्तिवाद विशेष पोकळ ठरतो. तिथले प्रेक्षागृह संघ हरत असतानाही भरत असे. संघाची बहुतांश मालकी २०१२ पर्यंत ओंटारियोतील शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे होती. तिकिटे खपत नसल्याने हातघाईवर येण्याची वेळ त्या मालकांवर आली नव्हती. ज्या मोजक्या संघांना थांबणे परवडत होते त्यांत हा अग्रभागी होता. प्रेक्षकांच्या अधीरतेची ढाल पुढे करण्यात आली, पण थांबायला तयार नव्हते ते व्यवस्थापन. व्यवस्थापकाचा कार्यकाळ चार-पाच वर्षांचा असतो, प्रेक्षकाचा जन्मभराचा. ज्याला पाच वर्षांत निकाल दाखवायचा आहे त्याच्या हाती पुढच्या दहा वर्षांचे बियाणे असते, आणि ते खाल्ल्याचा परिणाम दिसेतो तो बहुधा दुसरीकडे गेलेला असतो. बर्क यांना २०१३ च्या जानेवारीत पदावरून दूर करण्यात आले. टोरंटोचे प्रेक्षक अजून तिथेच आहेत.

मग गोल करणारा कधीच आणू नये काय? असे मी म्हणत नाही. आणावा, पण शेवटी आणावा. केसलच्याच आयुष्याचा उत्तरार्ध याची साक्ष देतो. १ जुलै २०१५ रोजी टोरंटोने त्याला पिट्सबर्ग पेंग्विन्सला दिले. तिथे सिडनी क्रॉस्बी आणि येवगेनी माल्किन हे दोन अव्वल सेंटर आधीच होते. प्रतिस्पर्ध्यांचे उत्तम बचावपटू त्या दोघांच्या मागे लागत, आणि केसल तिसऱ्या फळीतून मोकळ्या जागा शोधीत असे. त्या हंगामात त्याने साखळीत २६ गोल केले, टोरंटोतील आपल्या उत्तम वर्षांपेक्षा दहाहून अधिक कमी. पण बाद फेरीत गोल व गोलसाहाय्य मिळून २२ गुण मिळवून तो आपल्या संघात पहिला आला, आणि पिट्सबर्गने २०१६ व २०१७ असा सलग दोनदा चषक जिंकला. केसलने पुढे त्या चषकात हॉट डॉग भरून खाल्ले, यापेक्षा समर्पक उत्तर स्तंभलेखकाला देता आले नसते.

आणि किमतीचे पाहा. पिट्सबर्गनेही केसलसाठी पहिल्या फेरीतील हक्क दिला होता, २०१६ चा. संघ विजेता ठरल्याने तो हक्क तिसावा ठरला. तोच खेळाडू, तेच शब्द. टोरंटोने दिलेला हक्क दुसरा आणि पिट्सबर्गने दिलेला तिसावा. तयार संघ तारा आणतो तेव्हा त्याच्या विजयाने किंमत उतरते. धडपडणारा संघ आणतो तेव्हा त्याच्या पराभवाने ती चढते. टोरंटोने मात्र त्या तिसाव्या हक्काचे काय केले? तो आणि आणखी एक हक्क अॅनाहाइमला देऊन त्यांनी फ्रेडरिक अँडरसन हा गोलरक्षक आणला. सात वर्षांनी का होईना, गळणाऱ्या छपराकडे लक्ष गेले.

किंग्जचेही तसेच. ग्रेट्झ्की गेल्यावर सोळा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांनी पहिला चषक जिंकला. त्या हंगामात साखळीत केलेल्या गोलांच्या यादीत तो संघ तीसांत एकोणतिसावा होता. पण जोनाथन क्विकसारखा गोलरक्षक, ड्र्यू डाउटीसारखा बचावपटू आणि आन्झे कोपिटारसारखा सेंटर त्यांनी निवडीतून मिळवून स्वतःच्या अंगणात वाढवलेला होता, आणि फार थोडे संघ त्यांच्यापेक्षा कमी गोल स्वीकारीत होते. अशा संघाने फेब्रुवारीत जेफ कार्टर हा गोल करणारा आणला, आणि जूनमध्ये चषक उचलला. घर उभे होते. दिवा लावायचा राहिला होता. गोल होत नाहीत अशी तक्रार त्यांचीही होती, पण ती तक्रार करण्याचा अधिकार त्यांनी आधी कमावला होता.

संयमाने चषक मिळतोच असे नाही, हेही टोरंटोनेच दाखवले आहे. केसलला दिल्यावर ते २०१५-१६ मध्ये सर्वांत शेवटी आले, ऑस्टन मॅथ्यूज त्यांना पहिल्या निवडीत मिळाला, आणि २०१७ ते २०२५ अशी सलग नऊ वर्षे ते बाद फेरीत खेळले. त्या नऊ वर्षांत त्यांनी जिंकलेल्या मालिका दोनच, २०२३ आणि २०२५ मध्ये. हे यश तोकडे आहे. पण सहा वर्षांत एकदा आणि नऊ वर्षांत नऊदा, यांतला फरकही तोकडा नाही. पहिल्या संघाला चषकाची संधीच नव्हती. दुसऱ्याने संधी मिळवल्या आणि गमावल्या. गमावलेल्या संधीबद्दल हळहळता येते. संधीच विकून टाकली असेल तर कशाबद्दल हळहळायचे?

तेव्हा पुढच्या खेपेला एखादा गडगडलेला संघ ताऱ्याच्या शोधात निघेल (आणि तो निघेलच, हा खेळ सुरू झाल्यापासून निघत आला आहे) तेव्हा त्याच्या चाहत्यांनी टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आपला संघ हरतो तो गोल होत नाहीत म्हणून, की राखले जात नाहीत म्हणून? या खेळाडूला पक देणारा आपल्याकडे कोण आहे? आणि जे देतो आहोत त्याची किंमत, आपण असेच हरत राहिलो तर, किती होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापक देणार नाही. त्याला ते ठाऊक असते, म्हणूनच देणार नाही. ऋण काढून केलेल्या सणाचे गोडधोड सगळेच खातात. फेडायची वेळ येते तेव्हा घरी उरलेले असतात ते प्रेक्षक, आणि ज्याच्या नावाने ऋण काढले तो परगावचा पाहुणा.